पाणी फादरांचं, शब्द मामांचे

शनिवारी दुपारी चार वाजता चर्चच्या मागच्या खोलीत टेबलावर एक प्लास्टिकची बाहुली, एक घमेलं आणि कान तुटलेला एक मग मांडला जाई, आणि भल्याभल्यांची भंबेरी उडे.

हा टीचरांचा वर्ग. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा असेल तर त्याच्या आईवडिलांनी आणि होऊ घातलेल्या धर्ममाता-धर्मपित्यांनी सहा शनिवार इथे हजेरी लावायची, असा नियम होता. नियम टीचरांनीच केला होता आणि तो मोडण्याची हिंमत आजवर आलेल्या तीन फादरांपैकी एकालाही झाली नव्हती.

टीचर म्हणत असले तरी त्या शाळेत शिकवत नसत. सोमवार ते शुक्रवार त्या एका छापखान्यात प्रूफं तपासत. औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, लग्नाच्या पत्रिका. त्यांच्या लाल पेनातून काही म्हणजे काही सुटत नसे. एकदा एका पत्रिकेत वर एक नवरदेव आणि खाली दुसराच छापलेला पाहून त्यांनी थेट मुलीच्या बापाला फोन लावला होता आणि विचारलं होतं, "नक्की कितीजण बोहल्यावर चढणार आहेत?" स्वतः त्यांनी लग्न केलं नाही. "पहिल्याच प्रुफात इतक्या चुका दिसल्या की दुसरं मागवलंच नाही," असं त्या सांगत, आणि यावर हसायचं की नाही हे ऐकणाऱ्याला कळत नसे.

त्या शनिवारी टेबलाजवळ एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर उभा होता. भावाच्या मुलाचा धर्मपिता व्हायला निघाला होता.

"समजा," टीचर म्हणाल्या, "बाळ नुकतं जन्मलंय. जीव धोक्यात आहे. फादर यायला तासभर लागेल आणि तुमच्या हातात पाच मिनिटं आहेत. द्या बाप्तिस्मा."

"मी?"

"तुम्ही. अशा वेळी कुणीही देऊ शकतं. नर्स, लिफ्टवाला, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. चर्च जे करतं तेच करायचं मनात हवं, पाणी हवं आणि शब्द हवेत. चला, बाळ वाट बघतंय."

ड्रायव्हरने मग उचलला आणि घाईघाईत बाहुलीच्या पोटावर रिकामा केला.

"छान. झग्याचा बाप्तिस्मा झाला. बाळ कोरडंच आहे."

त्याच्यामागून एक तरुण जोडपं आलं. त्यांनी बहुधा घरी तालीम केली होती. तिने बाहुलीच्या डोक्यावर हळुवार धार धरली आणि त्याच वेळी त्याने घसा साफ करून खणखणीत म्हटलं, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." एक अक्षर चुकलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी टाळीही वाजवली.

टीचरांनी टाळीच्या दिशेने पाहिलं. टाळी थांबली.

"कुणी दिला हा बाप्तिस्मा?"

"दोघांनी," जोडपं एका सुरात म्हणालं.

"कुणीच नाही. 'मी देतो' असं हा म्हणतोय आणि पाणी ओततेय ही. म्हणजे हा थापा मारतोय आणि ही नुसती आंघोळ घालतेय. संसारात कामं जरूर वाटून घ्या. भांडी याच्याकडे द्या. इथे वाटणी चालत नाही. फादर असोत नाहीतर लिफ्टवाला, ज्याचा हात त्याचंच तोंड." हे शेवटचं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

तरी त्या दिवशी टीचर खुशीत होत्या. पुढच्या रविवारी त्यांच्या भाचीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता, आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या धर्ममाता घडवल्यावर त्या पहिल्यांदाच स्वतः धर्ममाता होणार होत्या. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लोक आपला आदर करतात म्हणून विचारायला कचरतात, अशी त्यांची समजूत होती. लोक भीत असत. भाचीने फोनवर विचारलं तेव्हा त्या "बघते" एवढंच म्हणाल्या, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रिकाम्या पातेल्याखाली गॅस पेटवला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत भाचीने फोनवर एक फिल्म पाठवली. खाली लिहिलं होतं, "मावशी, ओळख बघू हे बाळ कोण!"

टीचरांच्या वडिलांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून ती घेतली होती. अठ्ठावन्न वर्षं ती पत्र्याच्या डब्यात पडून होती. भाचीने डबा शोधला आणि एका दुकानातून ती फोनवर पाहता येईल अशी करून आणली. काळीपांढरी, मुकी, एक मिनिट चाळीस सेकंदांची. आईच्या हातात पांढरं गाठोडं होतं, आणि त्या गाठोड्यात टीचर होत्या. समोर तेव्हाचे फादर, गळ्याला जाडजूड मफलर. त्यांच्या शेजारी मोठे मामा. मामा लिलाव पुकारत. बंद पडलेल्या दुकानांतली कपाटं, जुने पियानो, हॉटेलांच्या खुर्च्या, सगळं त्यांच्या आवाजावर विकलं जाई. ते बोली पुकारायला उभे राहिले की कपाटातल्या काचाच आधी सुटायला बघत, असं घरात म्हणत.

टीचरांनी फिल्म पाहिली आणि डोळे पुसले.

"काय झालं?" फोरमनने विचारलं.

"शाई गेली डोळ्यात."

मग त्यांनी ती पुन्हा पाहिली. हा त्यांचा धंद्याचा शिरस्ता होता: कुठलाही मजकूर दोनदा वाचायचा, एकदा अर्थासाठी आणि एकदा चुकांसाठी.

फादरांनी शिंपल्याने पाणी ओतलं. एकदा, दोनदा, तीनदा. पण त्यांचं तोंड मिटलेलं होतं. एका गालात घशाची गोळी होती, गाल लिंबाएवढा फुगलेला दिसत होता. आणि शेजारी, हातात पुस्तक, छाती पुढे, मान वर करून मोठे मामा तोंड भरभरून उघडत होते. मुक्या फिल्ममध्येसुद्धा त्यांचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटत होता.

टीचरांनी फिल्म मागे नेली. पुन्हा नेली. अकराव्यांदाही तेच दिसलं.

हात फादरांचा. तोंड मामांचं.

त्या दुपारी त्यांच्यासमोर आग विझवण्याच्या नळकांड्याची माहितीपुस्तिका होती. तिच्यात चौथी सूचना दोनदा छापली गेली होती आणि पाचवी, म्हणजे नळकांडं आगीकडे धरा ही, मुळी नव्हतीच. टीचरांनी पुस्तिका मंजूर करून पाठवली. फोरमनने ती परत आणून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

संध्याकाळी टीचर थेट मोठ्या मामींकडे गेल्या. मामा जाऊन वीस वर्षं झाली होती. मामी एकोणनव्वद वर्षांच्या. कान गेले होते, पण डोकं अजून शाबूत होतं, आणि ते बरोबर उलटं असतं तर घरातल्या कित्येकांना बरं वाटलं असतं.

"मामी, माझ्या बाप्तिस्म्याला शब्द कुणी म्हटले?"

"कुणी काय म्हटलं?"

"शब्द! बाप्तिस्म्याचे!"

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे? तुझ्या मामांनी म्हटले. दुसरं कोण म्हणणार? फादरांचा घसा पार बसला होता. पंधरा दिवस तोंड उघडायचं नाही म्हणून डॉक्टरांनी तंबी दिलेली. सगळं पाटीवर लिहून बोलायचे. इकडे पाहुणे जमलेले, केक आणून ठेवलेला, तुझे वडील घायकुतीला आलेले. तेव्हा मामा म्हणाले, फादर, तुम्ही पाणी सांभाळा, आवाजाचं माझ्यावर सोडा."

"पण फादर काहीतरी पुटपुटले असतीलच ना? निदान ओठांतल्या ओठांत?"

"कुठलं पुटपुटणं! केकचा तुकडा हातात दिला तर आभारसुद्धा पाटीवर लिहिले." मामींच्या चेहऱ्यावर साठ वर्षांपूर्वीचा उजेड पडला. "आणि काय म्हटलं गं तुझ्या मामांनी! पवित्र आत्म्यापाशी आले तेव्हा रस्त्यावरचे दोन सायकलवाले उतरून आत आले. त्यांना वाटलं, लिलाव सुरू झाला."

"आणि तिथे कुणालाच काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. सगळ्यांना वाटलं, असा बाप्तिस्मा पुन्हा होणे नाही."

घरी जाताना टीचर दोनदा रस्ता चुकल्या. हिशेब सरळ होता आणि म्हणूनच वाईट होता. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणजे पुढचंही काही झालं नव्हतं. पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, सगळे मजले पायाशिवाय हवेत उभे होते. एकतीस वर्षं त्या वर्गात एकच बिगरख्रिस्ती व्यक्ती होती आणि तीच खडू घेऊन उभी होती. राहिला रविवार. धर्ममातेचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असावा, ही नियमावलीतली पहिली अट. टीचर ती पहिल्या शनिवारी वाचून दाखवत आणि म्हणत, "हे सांगायलाही नको, पण सांगते."

तसं पाहिलं तर कुणाला माहीत होतं? ते फादर गेले, मामा गेले, आईवडील गेले. भाचीने फिल्म पाहून "किती गोड!" एवढंच म्हटलं होतं. मामींना तर तो सोहळा वाटत होता. छापून झालेल्या पुस्तकातली चूक वाचकाच्या नजरेला येईपर्यंत चूक नसते, असं फोरमन एकदा म्हणाला होता, आणि त्यावरून टीचरांनी त्याच्याशी दोन महिने अबोला धरला होता. आता त्यांना तो माणूस अगदीच टाकाऊ वाटेना.

बुधवारी त्या धाकट्या बहिणीच्या दुकानात गेल्या. धाकटीचं शिवणाचं दुकान होतं: दोन मशिनं, एक इस्त्री, आणि कापडाच्या तुकड्यांचे ढीग, ज्यांतलं काय कुणाचं हे तिला एकटीला माहीत असावं असा तिच्या गिऱ्हाइकांना विश्वास होता. बाळाची ती आजी. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा तिनेच शिवला होता.

"झालाय बघ," तोंडात टाचण्या धरूनच ती म्हणाली. "काढ काय खोट काढायची ती."

टीचरांनी झगा उलटसुलट केला. "चांगला आहे."

धाकटीने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. "ताई, डॉक्टरांकडे गेली होतीस का तू?"

"नाही."

"डाव्या बाहीची चुणी तिरकी आहे. तुला बोलायला काहीतरी मिळावं म्हणून मी तशी ठेवलीय. आणि तू चांगला आहे म्हणतेस? काय झालंय, खरं सांग."

टीचरांनी सांगितलं. फिल्म दाखवली. मामी काय म्हणाल्या तेही सांगितलं. धाकटी कापडाच्या ढिगावर बसून इतकी हसली की इस्त्रीखालचा रुमाल करपायला लागला.

"म्हणजे इतकी वर्षं... लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण..."

"पुढचं म्हणू नकोस."

"...कोरडे पाषाण! आणि खरोखरचे कोरडे, ताई! ठणठणीत!"

"इस्त्री बंद कर."

धाकटीने इस्त्री बंद केली आणि एकदम दचकली. "थांब. माझा झालाय ना? नीट?"

"तुझ्या वेळी फादरांचा घसा बरा होता. तू किंचाळत होतीस आणि ते तुझ्यावर आवाज चढवून म्हणत होते, एवढं मला आठवतं."

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा पंचावन्न वर्षं जुनी ख्रिस्ती! आजपासून तू मला ताई म्हणायचं." मग तिला बहिणीचा चेहरा दिसला. "ताई, मग रविवारी?"

"रविवारी मला उभं राहता येणार नाही."

धाकटीने करपलेला रुमाल इस्त्रीखालून ओढून काढला.

"कुणाला कळतंय?" धाकटी म्हणाली. "मी नाही सांगणार."

धाकटीच्या पोटात तीळ भिजत नसे. स्वतःच्या मुलीला दिवस गेल्याची बातमी तिने जावयाला मुलीच्या आधी सांगितली होती. पण ही गोष्ट ती मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हती. ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं आणि टीचरांना तेच फार जड गेलं.

"तिला कडेवर घेऊन दारात उभं राहायचं," त्या म्हणाल्या, "आणि ये गं, आत ये, हे आपलंच घर आहे असं सांगायचं. आणि मला स्वतःला आमंत्रणच नाही."

"अगं, अठ्ठावन्न वर्षं जेवतेयस त्या घरात!"

"म्हणून तर."

"मग फादरांना सांग. देतील पाणी."

"आधी वर्ग. सहा शनिवार."

"कुणी केला हा नियम?"

सहा शनिवार म्हणजे दीड महिना. रविवार चार दिवसांवर आला होता. म्हणजे खरं बोललं की भाचीला दुसरी धर्ममाता बघायची. ती एका दिवसात मिळाली असती, आणि ती टीचरांनीच सहा शनिवार तयार केलेली निघाली असती.

गुरुवारी छापखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन त्या चर्चच्या कार्यालयात गेल्या. फादर स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलत होते. फादर तिशीतले, हौशी आणि भिडस्त. त्यांच्या पहिल्याच प्रवचनानंतर टीचरांनी त्यांच्या हातात सात दुरुस्त्या लिहिलेला कागद ठेवला होता. सहा बरोबर होत्या. सातवीबद्दल वाद घालणं फादरांनी तब्येतीच्या कारणास्तव टाळलं होतं.

"फादर, बाप्तिस्म्यासाठी एक नाव नोंदवायचंय."

"हो, हो. फॉर्म टेबलावर आहे. मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"वय किती महिने?"

"अठ्ठावन्न वर्षं."

स्टूल हललं. फादर ट्यूबलाइट छातीशी धरून खाली उतरले.

त्यांनी फिल्म तीनदा पाहिली. "कदाचित ते हळूच म्हणाले असतील," ते आशेने म्हणाले.

"गालात गोळी आहे."

"गोळी ठेवूनही बोलता येतं."

"मामी म्हणतात, बोलले नाहीत."

"मामी एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, टीचर."

"त्यांना केकवर किती गुलाब होते तेही आठवतंय. नऊ."

फादर आतल्या खोलीत गेले आणि बिशपांच्या कार्यालयाशी वीस मिनिटं फोनवर बोलले. त्यातली पंधरा मिनिटं पलीकडून कुणीतरी "थांबा, मी विचारून सांगतो" म्हणत असावं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षा पुढे ढकलल्यासारखा आनंद होता.

"झालं. ते म्हणतात, तुम्हाला वेगळी तयारी नको. एकतीस वर्षं वर्गाला हजर, एकही खाडा नाही. परवा शनिवारी दुपारी दोनला करून टाकू, बाकीचे दोन्ही संस्कारही लगेचच देऊ. आणि रविवारी तुम्ही धर्ममाता."

टीचर मटकन खुर्चीत बसल्या. बसल्यावर त्यांना आठवलं. "पण सहा शनिवारांचा दाखला?"

"त्यावर सही कुणाची लागते?"

"माझी."

"मग करा की."

टीचरांनी स्वतःच्या दाखल्यावर स्वतः सही केली. शेऱ्याच्या जागी "समाधानकारक" लिहिलं. "उत्तम" लिहायला हात धजेना.

"आणखी एक," फादर म्हणाले आणि ट्यूबलाइट या हातातून त्या हातात घेतली. "आधीच्या बाप्तिस्म्याबद्दल शंका असेल तर शब्द थोडे वेगळे म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. 'जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला...' आणि पुढचं सगळं नेहमीचं. तसं केलं तर लोकांना सांगता येईल, टीचरांचा झालेलाच होता, आपली एक खबरदारी घेतली. तुम्हालाही बरं."

फादर खरंच चांगले होते. आणि तो "जर" फारच सोयीचा होता, छत्रीसारखा. त्याच्याखाली उभं राहिलं की पाणी पडल्यासारखंही झालं असतं आणि कुणी भिजलंही नसतं. टीचरांनी त्या छत्रीकडे बराच वेळ पाहिलं.

"फादर, तुम्हाला शंका आहे?"

फादरांनी फोनवरच्या त्या थांबलेल्या चित्राकडे पाहिलं. गाल फुगलेला, ओठ घट्ट, आणि शेजारी मामांचे बत्तीसच्या बत्तीस दात.

"नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी तो शब्द आहे. इथे खोडा."

"लोक विचारतील, टीचर."

"विचारू देत. फळ्यावर मीच लिहिलंय."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच, फादरांकडे न पाहता, त्यांनी विचारलं, "मला काय काय यायला हवं?"

हा प्रश्न त्यांना एकतीस वर्षांत शेकडो लोकांनी विचारला होता आणि प्रत्येकाला त्यांनी छापील यादी दिली होती. फादरांकडे यादी नव्हती.

"प्रश्नांची उत्तरं तुम्हाला पाठच आहेत," ते म्हणाले. "बाकी काहीच यावं लागत नाही. म्हणून तर आपण हे तान्ह्या बाळांना देतो. तुम्ही फक्त मान पुढे करायची."

टीचर घरी आल्या. मान पुढे करायचा भाग आजवर बाहुली करत आली होती.

शनिवारी दोन वाजता चर्चमध्ये मोजकी माणसं होती. फादर, धर्ममाता म्हणून धाकटी, झोपलेलं बाळ घेऊन भाची, आणि चाकांच्या खुर्चीत मामी, कारण मागच्या वेळी त्या हजर होत्या आणि या वेळी त्यांना वगळायची कुणाची छाती झाली नाही. धाकटीने झग्याच्या उरलेल्या कापडातून टीचरांसाठी पांढरी ओढणी शिवून आणली होती. तिची एक कड वाकडी होती. टीचरांनी ती पाहिली आणि ओढणी खांद्यावर घेतली.

फादर दगडी पात्राशी उभे राहिले. "तुम्हाला देवाच्या चर्चकडे काय मागायचं आहे?"

वर्गात हे उत्तर कुणी पुटपुटलं तर टीचर त्याला पाच वेळा म्हणायला लावत. आता त्यांच्या तोंडून कागद सरकल्याएवढाच आवाज आला.

"काय म्हणाली?" मामींनी विचारलं.

"बाप्तिस्मा म्हणाली!" धाकटी ओरडली.

"ते कळलं मला. या फादरांना आवाज आहे ना?"

"आहे, मामी!"

"मग होऊ दे."

फादरांचे कान लाल झाले. पुढचे प्रश्न झाले, उत्तरं झाली. प्रत्येक उत्तराला टीचरांना वाटत होतं की आपण हे पाठ म्हणतोय, आणि प्रत्येक उत्तरानंतर वाटत होतं की पहिल्यांदाच म्हणतोय. धाकटीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. टीचरांनी मान पुढे केली.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं त्यांनी आदल्या दिवशी पक्कं ठरवलं होतं: पाणी नुसतं केसांवरून न जाता कातडीला लागतंय का, शब्द पुरे आहेत का, आणि दोन्ही एकाच वेळी होतंय का. पहिली धार कपाळावर आली आणि तिथून सरळ डाव्या कानात गेली. पाणी बर्फासारखं होतं. दुसऱ्या धारेला उजवा कानही भरला, आणि मग सगळं एका मोठ्या, पोकळ घुमघुमण्यात बुडालं. डोळे उघडले तर समोर दगड, दगडावरून पळणारं पाणी, आणि आपल्याच नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा एक थेंब. तो कधी पडतो एवढंच त्या बघत राहिल्या. तो पडला तेव्हा तिसरी धारही संपली होती.

सगळं आटोपल्यावर धाकटीने त्यांना बाजूच्या बाकापाशी नेलं आणि पिशवीतून टॉवेल काढला. फादर दहा पावलांवर मेणबत्ती पेटत्या ज्योतीसकट मामींना दाखवत होते, कारण मामींना ती जवळून बघायची होती.

"ऐक," टीचर हळूच म्हणाल्या. "नीट म्हटलं ना त्यांनी?"

"म्हणजे? तू ऐकलं नाहीस?"

"कानात पाणी गेलं."

धाकटीने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले.

"हसू नकोस. तिन्ही नावं म्हटली? पित्याच्या, पुत्राच्या? ओतता ओतता म्हटलं, की आधी म्हटलं आणि मग ओतलं?"

"ताई, त्यांनीच ओतलं, त्यांनीच म्हटलं, तिन्ही नावं म्हटली आणि ओतता ओतता म्हटली. माझ्या हाताखाली तू होतीस, मी बघत होते."

धाकटी टेलिफोन नंबर सांगताना दोन आकडे हमखास उलटे सांगे. गिऱ्हाइकाची मापं ती ब्लाउजच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवी आणि मग तो ब्लाउज धुवायला टाकी. फादर दहा पावलांवर होते. जाऊन विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने सांगितलं असतं. भाची होती, तिलाही विचारता आलं असतं. टीचरांनी एकवार तिकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

धाकटीने टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागली, तिच्या मुलांचं पुसायची तसं, दयामाया न करता. "पावणेतीन झाले. चारला वर्ग आहे ना तुझा? ओल्या केसांनी जाशील तर सर्दी होईल, आणि मग उद्या तुझाच घसा बसेल."

"थांब," टीचर टॉवेलाच्या आतून म्हणाल्या आणि मान पुन्हा पुढे केली. "डावा कान राहिलाय."